नारिंगी जावई

शर्वरी मोहितेचं लग्न गेल्या वैशाखात झालं. माझ्याशी नाही.

आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरा. मीही तसंच धरून चाललोय आणि माझं बरं चाललंय. तर शर्वरीचं आणि माझं लग्न ठरायचं आहे, सगळे आनंदात आहेत, आणि मला तिच्या घरी बघायच्या कार्यक्रमाला जायचंय.

माझं नाव धैर्यशील देवकर. बारशाच्या दिवशी मी दिवसभर झोपून होतो, त्यामुळं घरच्यांचा गैरसमज झाला. त्यानंतर मी तसा कधी झोपलेलो नाही. मी चहा गाळायच्या आधी कप उचलतो. एसटीत बसल्यावर उतरायचं गाव येईपर्यंत उभा राहतो. बसलो तर माझा उजवा पाय हलतो, आणि तो थांबवला तर डावा सुरू होतो. 

आमचं गाव पिंपरटेक. निम्मं गाव दक्षिणेत असतं. गलाई हा आमचा धंदा, म्हणजे सोनाराकडचं मोडीचं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं. त्यापायी आमची माणसं तमिळनाडू-केरळात पसरलीत, आणि गावात मोठी घरं आणि त्याहून मोठी कुलपं उरलीत. माझे चुलते, तात्या, सगळी हयात सेलमला भट्टीपुढं घालवून परत आले. राग आला की ते तमिळमध्ये बोलतात, आणि सदऱ्याच्या खिशात कसोटीचा काळा दगड ठेवतात. सोन्याचा तुकडा त्या दगडावर घासायचा, उमटलेल्या रेघेवर तेजाबाचा थेंब टाकायचा, रेघ किती टिकते त्यावरनं कस कळतो. दुसऱ्याचं सोनं हातात आलं की तात्या आधी घासतात, नमस्कार नंतर. माझ्या आईचं मंगळसूत्र त्यांनी भर मांडवात घासलं होतं. आई त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलते, पण फक्त त्याच विषयावर.

तो धंदा माझ्या वाट्याला आला तेव्हा सोनं उजेड पाडायला लागलं होतं.

हे जरा समजून घ्यावं लागेल. एरवी सोनं चकाकतं, पण तो उजेड त्याचा नसतो; समोरचा दिवा ते परत फेकतं, एवढंच. मात्र सोन्याचे अणू सुटे करून एखाद्या रेणूत बांधले आणि असे दोन अणू शेजारी आले, की ते एकमेकांकडं ओढ घेतात. पंगतीत नवे व्याही बसतात तसे बसतात: लांब सरकत नाहीत आणि मांडीला मांडीही लावत नाहीत. जांभळ्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड त्यांच्यावर टाकला की तो ते गिळतात आणि दिसणारा रंग बाहेर सोडतात. कुठला रंग, ते दोघांतल्या अंतरावर ठरतं. मध्ये चांदीचा किंवा तांब्याचा अणू मध्यस्थ म्हणून बसवला की हे अंतर, म्हणजे रंगसुद्धा, हवा तसा राखता येतो. तोळाभर सोन्यात अख्ख्या चौकाचे फलक उजळतात. जुने फलक फुटले की पोत्यांनी आमच्याकडं यायचे आणि मी त्यातनं सोनं काढायचो. तात्या म्हणायचे, "आमी राजाचं सोनं गाळलं, तू दुकानाच्या पाट्या गाळ."

काही मिश्रणांत मध्यस्थ कच्चा निघाला. जरा ऊब लागली, घामातली वाफ आत शिरली, की व्याही सरकायचे आणि रंग बदलायचा. फलकासाठी ही मिश्रणं नापास झाली. मग एका कंपनीनं त्यांच्या अंगठ्या केल्या. आत तांदळाच्या कणीएवढा अदृश्य उजेडाचा दिवा, तो बोटाच्या उबेवर चालतो. माणूस निवांत असला तर अंगठी निळी. चलबिचल वाढेल तशी हिरवी, पिवळी आणि शेवटी नारिंगी.

कंपनीनं माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं की ही अंगठी फक्त ऊब आणि घाम दाखवते, मनाशी तिचा संबंध नाही. पण माहितीपत्रक वाचणारा माणूस आमच्या तालुक्यात अजून जन्माला यायचा होता. आधी साखरपुड्यात ही अंगठी आली. मग बघायच्या कार्यक्रमात. मग लग्ननोंदणीत 'स्वभावरंग' नावाचा रकाना आला, आणि रकाना आला म्हटल्यावर ते शास्त्र झालं.

*

बघायच्या कार्यक्रमाला भाड्याची अंगठी मिळायची. ती घालून मी मोहित्यांच्या बैठकीत बसलो. समोर शर्वरीचे वडील, अण्णा मोहिते. साखर कारखान्यात शेतकी खात्यात होते, त्यामुळं कुठल्याही माणसाकडं ते उसाकडं बघावं तसं बघायचे, म्हणजे तोडणीला आलाय का अशा नजरेनं.

शर्वरी आली आणि समोर बसली. दूध संघाच्या संकलन केंद्रावर ती तपासनीस होती. हातात अंगठी, रंग हिरवट.

"पाणी देऊ का?" तिनं विचारलं.

"नको."

माझी अंगठी नारिंगी झाली.

"हवंय," ती म्हणाली आणि घेऊन आली.

मी पाणी पीत असताना आईनं माझी बाजू मांडायला घेतली. "तसा लई शांत आहे हो आमचा."

अंगठी आणखी नारिंगी झाली. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. रंग तोच होता.

"हे उन्हातनं आल्यामुळं असंल," तात्या म्हणाले.

"ढगाळ आहे की, पाव्हणं," अण्णा म्हणाले.

बोलायला म्हणून आम्हाला दोघांना परसात पाठवलं. तिथं एक म्हैस होती. तिनं माझ्या पायाकडं बघितलं, कारण तो हलत होता.

"तुमचं नाव कुणी ठेवलं?" शर्वरीनं विचारलं.

"आत्यानं. ती आता अबोला धरून आहे."

ती हसली. मग म्हणाली, "आत्तापर्यंत चार स्थळं बघून गेली. सगळे निळे. एकाला म्हटलं, मला लग्नच करायचं नाही. तरी निळा."

"हिमतीचा असंल."

"दुधात पाणी घालून आणणारा माणूस कसा असतो माहितीये? एकदम निवांत. कॅन ठेवतो, तंबाखू मळतो. ज्याचं दूध चांगलं असतं ना, तोच काट्याकडं डोळे लावून उभा राहतो. आज फॅट कमी लागेल का, म्हशीनं काय खाल्लं, सतरा विचार." तिनं माझ्या अंगठीकडं बघितलं. "मला हललेलं रीडिंग चालतं. न हलणाऱ्या रीडिंगची भीती वाटते. मशीन बंद असतं तेव्हा रीडिंग हलत नाही."

मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही, पण त्या वेळी तिची अंगठी पिवळी झाली होती आणि तिनं हात पदरामागं घेतला, एवढं आठवतं.

मी तेव्हाच ठरवलं. या मुलीशी लग्न झालं तर माझ्या पायाला कुणी नावं ठेवणार नाही.

*

अण्णांचा होकार आला, पण त्याला शेपूट होतं. ते स्वतः सांगायला आले.

"मला वैयक्तिक काही नाही," ते आईला म्हणाले. "पण साखरपुड्याला नोंदणीचा माणूस येणार. पुस्तकात 'अस्वस्थ' लागलं तर ते जन्माला चिकटतं. उद्या घरकर्जाला तोच कागद, पोराच्या शाळेला तोच कागद. नारिंगी जावई मी चालवून घेईन हो. पुस्तक नाही चालवून घेत. त्या दिवशी नुसता पिवळा जरी लागला तरी मी आनंदानं पोरगी देतो. नारिंगी लागला तर मात्र राग मानू नका."

म्हणजे एका दिवसापुरतं पिवळं व्हायचं होतं. आईनं मला थंड काढे दिले. योगाच्या शिक्षकांकडं पाठवलं. त्यांनी मला शवासन शिकवायला घेतलं आणि मध्येच उठून म्हणाले, "तुमच्याकडं बघून माझंच चित्त थाऱ्यावर राहत नाहीय, तुम्ही या आता."

साखरपुड्याचा दिवस आला. मांडवात नोंदणीचा माणूस आधीच येऊन जिलेबीच्या वासाच्या दिशेनं बसला होता. रिवाजाप्रमाणं मोहित्यांकडची नवी अंगठी अण्णांनी डबीतनं काढली आणि घरातला वडीलधारा म्हणून तात्यांच्या हातात दिली. तात्यांनी ती मला द्यायची होती.

तात्यांच्या हातात दुसऱ्याचं सोनं आलं होतं.

पुढचं सगळं इतक्या सवयीनं झालं की कुणाला दिसलंसुद्धा नाही. डाव्या हातानं खिशातला दगड निघाला, उजव्या हातानं अंगठी त्यावर टेकली आणि खस्स, खस्स, खस्स.

"रेघ उठंना," तात्या म्हणाले. "ह्यात सोनं हाय का पावडर?"

"पाव्हणं, दिवा आहे तो," अण्णा म्हणाले.

"हात गेला हो," तात्या ओशाळले. "सोनं म्हटलं की हात जातोय."

त्यांनी घाईघाईनं अंगठी माझ्या बोटात सारली. मी तोवर घामानं भिजलो होतो. दोन्ही पाय हलत होते. सगळा मांडव माझ्या बोटाकडं बघत होता.

अंगठी निळी झाली. श्रावणातल्या मोरपिसाला लाज वाटेल अशी निळी. आणि तशीच राहिली.

"माझं लेकरू निवलं," आई म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

काय झालं ते मला कळलं होतं, रोजचं काम होतं माझं. रगडलं की ते अणू दाबाखाली भलत्याच जागी जाऊन बसतात आणि तिथंच अडकतात. मग ऊब लागो की घाम, हलायला जागाच नसते. एखाद्या उग्र द्रावणाची वाफ आत शिरून त्यांना मोकळं करीपर्यंत रंग तोच. हे सांगायला मी तोंड उघडलं. त्यात कुणीतरी पेढा घातला. तो गिळेपर्यंत नोंदणीच्या माणसानं पुस्तकात लिहिलं होतं: 'शांत, स्थिर.'

*

'स्थिर' हा शेरा तालुक्यात त्याआधी कुणाला मिळाला नव्हता.

त्यानंतर मला घरात बसता आलं नाही. एरवीही येत नव्हतं, पण आता लोक न्यायला यायचे. बांधाच्या भांडणात दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे असताना मला मधोमध खुर्ची टाकून बसवलं. माझी दातखीळ बसली होती. अंगठी निळी. भाऊ म्हणाले, "हा गडी मरणाला भीत नाही," आणि घरी गेले. दहावीच्या परीक्षेला मला शाळेच्या व्हरांड्यात उभं केलं. एका बिथरलेल्या वळूपुढं नेलं. मी पळालो, तेव्हा लोक म्हणाले, "बघा, किती शांतपणे पळतोय."

मग लोकांना शंका यायला लागली की देवकरांच्या तात्याच्या हाताला काही गुण आहे. ते दगडाच्या पाया पडायला यायचे. तात्या कुणाला नाही म्हणायचे नाहीत, पाहुण्याची अंगठी हातात आली की हात जायचाच. पावसाळ्याच्या तोंडाशी निम्मं पिंपरटेक निळं झालं. माणसं तशीच होती. भांडणं तीच, फक्त आता दोघेही निळ्या बोटानं एकमेकांची गचांडी धरायचे, आणि पोलीस पंचनाम्यात लिहायचे, 'वातावरण शांत.'

शर्वरीनं मला संकलन केंद्रावर बोलावून घेतलं. सकाळचं दूध घालून माणसं गेली होती.

"बसा," ती म्हणाली. मग दुधाच्या नमुन्याच्या बाटल्या लावता लावता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "अण्णा दुसरं स्थळ बघतायत माझ्यासाठी."

माझ्या छातीत भट्टी पेटली. अंगठी निळी.

"खोटं आहे," ती म्हणाली. "नुसतं बघितलं. तुमचा पाय बघा कसा हलतोय. आणि अंगठी मेलीय. काय केलंत तिला?"

मी सगळं सांगितलं. तात्यांचा दगड, अडकलेले अणू, पेढा. वळूचंही सांगितलं, त्याची गरज नव्हती.

ती गंभीरपणे ऐकत होती. मग म्हणाली, "उग्र वाफ म्हणालात ना?" आणि फडताळातनं एक बाटली काढली. दुधाचं फॅट काढताना नळीत थोडं अल्कोहोल घालतात, त्याच्या वासानं घसा धरतो. तिनं बाटलीचं बूच काढलं, माझा हात धरला आणि अंगठी बाटलीच्या तोंडावर नेली. आम्ही दोघंही खोकत होतो. निळ्याच्या कडेला आधी हिरवं आलं, मग पिवळं, आणि मग एकदम सगळा नारिंगी उजेड बाटलीच्या काचेत उतरला.

"आला," ती म्हणाली. जसा कुणी गावाहून यावा.

तिनं माझा हात सोडला नव्हता. तिची अंगठीही नारिंगी होती. 

*

लग्नाच्या दिवशी आधी नोंदणी, मग अक्षता, मग जेवण, असं ठरलं. नोंदणीच्या खिडकीत अधिकारी होते. त्यांनी माझी अंगठी यंत्राखाली धरली आणि पुस्तकाकडं बघितलं.

"नोंदीतले धैर्यशील देवकर शांत, स्थिर आहेत," ते म्हणाले. "आपण नारिंगी आहात. आपण त्यांचे कोण?"

"मीच तो."

"मग ते कुठं आहेत?"

मी मागं वळून बघितलं. का बघितलं, माहीत नाही.

"साहेब, आधीचं रीडिंग चुकीचं होतं," शर्वरी म्हणाली. "अंगठी घासली गेली होती. हे खरं आहे."

"असेलही, ताई. पण 'स्थिर' म्हणजे बदलत नाही तो. बदलला तर तो दुसरा माणूस. दुरुस्तीचा अर्ज करा. चौकशी होते, सुनावणी होते. वर्षभरात निकाल लागतो."

अण्णा खाली बसले. "कार्यालय घेतलंय," ते म्हणाले. "माणसं आलीत. भात टाकलाय."

"जेवण जेवू," शर्वरी म्हणाली. "लग्न पुढच्या वर्षी करू. त्यात काय."

"पुस्तकात 'अस्वस्थ' लागंल, बाळ."

"लागू दे की, अण्णा. मला माहितीच आहे ते." मग माझ्याकडं वळून ती हळू आवाजात म्हणाली, "वर्षच ना. मी थांबते. तुम्ही थांबाल?"

आता इथं शांतपणे 'हो' म्हणायचं होतं. जगातल्या कुठल्याही निळ्या माणसाला ते जमलं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढं ते वर्ष आलं. त्यातला एकेक दिवस, एकेक सुनावणी. तोवर अण्णांचं मन फिरलं तर, तिचं फिरलं तर, मी असाच हलत राहिलो आणि ती कंटाळली तर. कप माझ्या हातात होता आणि चहा अजून गाळला नव्हता.

तात्या शेजारीच उभे होते. त्यांनी खिशाला हात घातला नव्हता, हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो. दगड मीच काढला.

खस्स, खस्स, खस्स.

अंगठी निळी झाली. अधिकाऱ्यांनी यंत्राखाली धरली आणि पहिल्यांदाच हसले. "आलात का," ते माझ्या नव्या अवताराला म्हणाले आणि पुस्तकात लिहिलं, 'शांत, स्थिर. फेरपडताळणी पूर्ण.' मग पेन शर्वरीपुढं ठेवलं.

तिनं ते उचललं नाही. ती माझ्या बोटाकडं बघत होती.

"रोज सकाळी मी हेच पकडते," ती म्हणाली. "माझ्या माघारी कॅनमध्ये पाणी घालतात, तेवढं मी समजू शकते. पण माझ्या डोळ्यांदेखत खोटं रीडिंग पाडून त्यावर माझीच सही मागायला आजवर कुणी आलं नव्हतं."

"मला घाई झाली," मी म्हणालो. हे माझं त्या दिवसातलं सगळ्यात खरं वाक्य होतं. अंगठीनं त्याला दुजोरा दिला नाही.

"मी थांबणार होते," ती म्हणाली आणि अण्णांना हाताला धरून उठवलं.

जेवण मात्र सगळे जेवले. भात चांगला झाला होता, असं म्हणतात.

नंतर मी आईच्या जुन्या डबीतलं नखांचा रंग पुसायचं उग्र द्रावण शोधून काढलं आणि अंगठी मोकळी केली. ती आता नारिंगी आहे. उशीखाली ठेवली तरी खोलीत उजेड पडतो. तात्यांनी कसोटीचा दगड गावातल्या विहिरीत टाकला. दुसऱ्या दिवशी माणूस उतरवून काढून घेतला. शर्वरीच्या नवऱ्याची अंगठी कुठल्या रंगाची आहे, हे मी कुणालाही विचारलं नाही. पिवळी आहे.

आता सुरुवातीचं ते वाक्य तुम्हाला आठवत असेल, तर ते पुन्हा एकदा विसरा, म्हणजे पुढचा अर्ज नीट वाचता येईल.

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
स्वभावरंग दुरुस्ती कक्ष, पिंपरटेक.

विषय: अर्जदारास अस्वस्थ घोषित करण्याबाबत.

महोदय,

'फेरपडताळणी पूर्ण झालेल्या शांत, स्थिर व्यक्तीचा दुरुस्ती अर्ज दाखल करून घेता येत नाही, कारण अशा व्यक्तीस तक्रार असू शकत नाही,' हे आपले उत्तर मिळाले. अर्जदाराने ते उभ्याने वाचले आहे.

तरी विनंती की, अर्जदाराचा हलणारा पाय प्रत्यक्ष पाहून त्याची नोंद 'अस्वस्थ' अशी दुरुस्त करावी. सदर दुरुस्ती लग्नाच्या दिवशी, दगड खिशातून बाहेर येण्यापूर्वीच अमलात आली होती, असे धरण्यात यावे. त्या दिवशी अर्जदारास विचारलेल्या "तुम्ही थांबाल?" या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे वाचावे, आणि दुरुस्त नोंदीची एक प्रत शर्वरी मोहिते, तपासनीस, दूध संकलन केंद्र, यांना त्यांच्या जुन्या आडनावाने पाठवावी.

निर्णय होईपर्यंत अर्जदार थांबण्यास तयार आहे.

आपला,
धैर्यशील देवकर